पंक्चर काढत बसशील!

मंडळी, मराठी घरांत मुलांना घाबरवायची दोन वाक्यं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीयेत. लहान असताना "झोप लवकर, नाहीतर बागुलबुवा येईल" आणि जरा मोठं झाल्यावर "अभ्यास कर, नाहीतर पंक्चर काढत बसशील". बागुलबुवाची भीती पाच-सहा वर्षांचं होईस्तोवर जाते. दुसरी मात्र डिग्री मिळाली, नोकरी लागली, फ्लॅटचा हप्ता सुरू झाला तरी जात नाही. उलट आपणच ती पुढे वाटायला लागतो.

लोअर परळच्या काचेच्या इमारतीत एसीत बसून आपण तेच बोलत असतो. एखाद्याचा कोड रिव्ह्यू वाईट गेला की "याने पंक्चरचं दुकान टाकावं". व्हॉट्सॅपवर राजकारणावरून जुंपली की समोरच्याला "पंक्चरवाला" म्हणून मोकळं व्हायचं. हा शब्द कुठल्या धर्माच्या माणसांवर फेकला जातो ते सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे हसणारे स्मायली टाकतात.

एप्रिल २०२५ मध्ये हिसारच्या सभेत पंतप्रधान म्हणाले की वक्फच्या मालमत्तेचा प्रामाणिकपणे वापर झाला असता तर मुस्लिम तरुणांना सायकलची पंक्चरं काढत आयुष्य घालवावं लागलं नसतं. त्यावर विरोधकांतून आलेलं एक गाजलेलं उत्तर होतं, तसं असेल तर तुमच्यावरही लहानपणी चहा विकायची वेळ आली नसती! मला इथे वक्फवर काही बोलायचं नाहीये, तो माझा विषय नव्हे. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. एकमेकांचं तोंड बघायला तयार नसलेल्या दोन्ही बाजूंचं एका मुद्द्यावर पूर्ण एकमत होतं. हाताने करायचं काम म्हणजे नशिबी आलेली शिक्षा.

या शनिवारी मला या एकमताशी भांडायचंय. माझं म्हणणं सरळ आहे. पंक्चर काढणं हे डोक्याचं काम आहे आणि मोठ्या टायरचं असेल तर जिवावरचं काम आहे. आपण त्याची शिवी केली म्हणून ते स्वस्त झालं, आणि स्वस्त झालं म्हणून ते आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं राहिलं. म्हणजे आपली ही गंमत फुकट नाहीये. तिचं बिल कुणीतरी भरतंय, फक्त ते आपल्या नावावर येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सायकलचं पंक्चर तर कुणीही काढतं, त्यात कसलं डोकं? बरं. मग सायकल सोडा. ट्रॅक्टरचं घेऊ.

मुंबईत ट्रॅक्टर कुठून आला? गिरगाव चौपाटीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना विचारा, वाळू साफ करणारं यंत्र ओढताना त्यांनी तो पाहिला असेल. आणि गणपतीत तर विचारूच नका. अनंत चतुर्दशीला लालबाग-परळकडून चौपाटीकडे निघणाऱ्या मोठ्या मूर्तींच्या ट्रॉल्यांपुढे कुठे ट्रक असतो, कुठे ट्रॅक्टर. गोगलगाईच्या गतीने तासन्‌तास चालायचं, मागे काही टनांचं ओझं आणि दर दहा पावलांवर थांबायचं, या कामाला ट्रॅक्टरसारखं दुसरं जनावर नाही.

हा ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर येऊ शकतो तोही हवेच्या टायरमुळेच. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना लोखंडी चाकं असत, त्यावर लोखंडी दाते. असा ट्रॅक्टर आंबेडकर रोडवरून गेला असता तर मागे रस्ता नांगरूनच निघाला असता. १९३२ च्या सुमाराला अमेरिकेत अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीने फायरस्टोनचे हवेचे टायर लावून ट्रॅक्टर विकायला सुरुवात केली. शेतकऱ्यांना काही पटेना, रबर शेतात टिकेल कसं? मग १९३३ मध्ये जाहिरातीसाठी बार्नी ओल्डफील्ड या नामांकित रेसरला ट्रॅक्टरवर बसवलं आणि त्याने तो ताशी साठ मैलांच्या वर पळवला. त्यानंतर लोखंडी चाकं हळूहळू गेली. रबर आलं, वेग आला, आणि रबराबरोबर पंक्चरही आलं. गावाकडे बाभळीचा काटा, उसाचा बुडखा, नाहीतर कापसाच्या पऱ्हाटीचं तिरपं छाटलेलं बूड. शहरात खिळा.

काही वर्षांपूर्वी अशाच एका विसर्जनाच्या रात्री मी भारतमाताच्या जवळपास उभा होतो. एका मंडळाची ट्रॉली थांबली. ट्रॅक्टरचं मागचं डावं चाक बसलं होतं. कार्यकर्त्यांची धावपळ, फोनाफोनी, पुढच्या मंडळात पडत चाललेलं अंतर, मागच्या मंडळाच्या ढोलांचा दणदणाट. अर्ध्या-पाऊण तासाने गर्दीतून वाट काढत एक हातगाडी आली. तिच्यावर छोट्या इंजिनचा कॉम्प्रेसर, जॅक, घण, पहार, लांब टॉम्या आणि पाण्याचं घमेलं. बरोबर दोन माणसं. एक पन्नाशीचा, एक विशीतला.

त्या मोठ्या माणसाने हत्याराला हात लावायच्या आधी ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारला, "पानी भरा है क्या?"

हा प्रश्न कळायला थोडी माहिती हवी. शेतात ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी फिरू नयेत म्हणून टायरमध्ये वजनासाठी पाणी भरायची पद्धत आहे, साधारण पाऊण टायर भरेल इतकं. आपल्याकडच्या मध्यम ट्रॅक्टरचा मागचा टायर बहुतेक वेळा १३.६-२८ मापाचा, म्हणजे रुंदी १३.६ इंच आणि रिमचा व्यास २८ इंच. उभा केला तर सव्वा मीटरच्या वर जातो. अशा एका चाकात दीड-दोनशे लिटर पाणी मावतं. न विचारता व्हॉल्व्हची पिन काढली असती तर पाण्याचा फवारा रस्त्यावर, आणि ओझ्याचा सगळा हिशोब चुकलेला. ड्रायव्हर म्हणाला, "नाय, कोरडंच आहे." मगच पुढचं काम.

पुढचं काम असं. आधी ट्रॉलीच्या चाकांना आणि ट्रॅक्टरच्या उरलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. मग जॅकखाली जाड फळी, कारण तापलेल्या आणि पावसाने भिजलेल्या डांबरात जॅकचा पाय रुततो. मग धुरा उचलायचा, तोही चाक फिरेल इतकाच, वर एक इंचही नाही. पिन काढून उरलीसुरली हवा सोडायची. रिमला चिकटून बसलेली टायरची कड घणाने आणि पहारीने सोडवायची. यात ताकद लागते हे कुणालाही दिसतं. दिसत नाही ते हे की घाव एक बोट इकडे पडला तर रिम वाकते आणि एक बोट तिकडे पडला तर आतली ट्यूब चिमटते. एका बाजूची कड टॉमीने रिमच्या बाहेर काढली, आत हात घालून ट्यूब ओढून घेतली. चाक गाडीलाच होतं, ते खोललंही नाही.

ट्यूबमध्ये हवा मारून पाणी ओतत ओतत बुडबुडा शोधला. सापडल्यावर खूण केली, पण तिथे थांबला नाही. उरलेली पूर्ण ट्यूब तपासली. दुसरं भोक निघालंच, पहिल्याच्या बरोबर समोर. मग त्या विशीतल्या मुलाने टायरच्या आत हात घालून सगळा घेर चाचपला, फडकं फिरवून. फडकं जिथे अडकलं तिथे खिळा होता. तो पक्कडीने काढला, बाहेरच्या बाजूने बघितला, आणि परत एकदा फडकं फिरवलं.

आता सांगा, हे आपल्या ओळखीचं नाही का? लक्षण दिसलं म्हणून धावत न सुटता आधी माहिती विचारणं. सिस्टीम सुरक्षित स्थितीत आणणं. दोष सापडला तरी तो एकटाच आहे असं गृहीत न धरणं. आणि लक्षण दुरुस्त करायच्या आधी कारण काढून टाकणं! खिळा आत ठेवून ट्यूबला पॅच लावला तर चाक शंभर पावलांवर परत बसणार. आपल्या कंपन्यांत याच गोष्टी शिकवायला परदेशी सल्लागार येतात, रंगीत स्लाइड्स दाखवतात आणि शेवटी समोसे असतात. तरी प्रॉडक्शन कोसळल्यावर पंधरा जण कॉलवर येतात आणि पहिलं वाक्य असतं, "रीस्टार्ट करून बघितलंत का?" म्हणजे खिळा आत तसाच, हवा मारा आणि निघा!

पुढचं तर धीराचं काम. भोकाभोवतीचं रबर घासून खरखरीत केलं. सोल्यूशन लावलं. आणि थांबला. मंडळाची पोरं डोक्यावर उभी, "अरे लगाव ना जल्दी", पण तो थांबला. ओल्या सोल्यूशनवर पॅच लावला की वरून चिकटल्यासारखा दिसतो आणि गरम झाला की सुटतो. बोटाला चिकट लागेल इतकं सुकल्यावरच पॅच बसवला, मधून कडेकडे दाबत नेला, म्हणजे खाली हवा अडकायला नको. परत हवा, परत पाणी, परत तपासणी. मग ट्यूब आत घालताना तिच्यात थोडी हवा ठेवली, म्हणजे ती पिळणार नाही की कडेखाली सापडणार नाही. टायर बसला, हवा भरली, आणि शेवटी बोटाला थुंकी लावून ते बोट व्हॉल्व्हच्या तोंडावर. बुडबुडा नाही. पिन टाइट आहे. टोपी लावली. काम संपलं. खर्च शून्य आणि निदान पक्कं असं याहून चांगलं टेस्टिंग मी माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत पाहिलेलं नाही :)

हे सगळं चालू असताना शेजारी एक गृहस्थ आठ-दहा वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन उभे होते. त्यांनी त्याला बोट करून दाखवलं आणि म्हणाले, "बघ, अभ्यास नाही केलास तर हे असं रात्री दोन वाजता करावं लागतं." समोर ट्रॉलीवर कोण उभं होतं? चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा देव! त्याच्या पायाशी बसून एक माणूस एक अवघड कला बिनचूक करून दाखवत होता आणि विद्येच्या देवाचे भक्त पोराला सांगत होते की ही विद्या नव्हे. सहाशे रुपये झाले. त्यातही शंभर कमी करायला लावले, वर "बाप्पाचं काम आहे" हे ऐकवलं. त्याच मंडळाच्या फटाक्यांची माळ त्याआधी पाच मिनिटांत जळून गेली होती. तिच्या भावात कुणी घासाघीस केली असेल असं वाटत नाही.

पण मघाशी मी म्हटलं ना, की बिल कुणीतरी भरतंय. ते पैशांपुरतं असतं तर एवढं चिडायचं कारण नव्हतं.

त्या रात्री जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरपासून हातभर अंतरावर लोक नाचत होते. त्या माणसाने तीनदा सांगितलं, मागे व्हा. कुणी ऐकलं नाही. शेवटी त्याने स्वतःच हातगाडीवरचा दोर काढला आणि ट्रॉली ते दिव्याचा खांब असा बांधला. उजेड होता तो डीजेच्या रंगीत दिव्यांचा आणि मोबाइलच्या टॉर्चचा. हातमोजे नाहीत, पायात चपला. त्यातल्या त्यात नशीब म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात हवेचा दाब कमी असतो. ट्रकच्या किंवा जड ट्रॉलीच्या टायरात तो कितीतरी जास्त असतो, आणि त्यांच्या रिमला बऱ्याचदा वेगळी लोखंडी रिंग असते. ती नीट बसली नसेल आणि हवा भरताना सुटली, तर गोळ्यासारखी येते. या रिंगने माणसं मेलीयेत, हात गेलेत, चेहरे फुटलेत. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा कायद्यात यासाठी स्वतंत्र नियम आहे. असा टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायची, माणसाने त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, आणि शिकवल्याशिवाय कुणाला या कामावर ठेवायचंच नाही. आपल्याकडे रस्त्याकडेच्या दुकानात पिंजरा शोधून दाखवा! असलीच तर एखादी साखळी असते, नाहीतर टायर रिंगेची बाजू जमिनीकडे करून पालथा टाकतात आणि देवाचं नाव घेतात.

जर्मनीत टायर आणि व्हल्कनायझेशनचा मेकॅनिक व्हायला तीन वर्षांचं रीतसर प्रशिक्षण असतं. शाळा, कारखाना, परीक्षा, प्रमाणपत्र. म्हणजे तिथल्या मुलांना "पंक्चर काढत बसशील" म्हणून घाबरवायचं तर आधी प्रवेश मिळतो का ते बघावं लागेल. त्यांच्याकडे भौतिकशास्त्र वेगळं नाही, रबरही तेच आहे. त्यांनी त्या कामाला काम म्हटलं, एवढाच फरक. काम म्हटलं की शिकवावं लागतं, शिकवलं की दर ठरतो, दर ठरला की पिंजऱ्याचे पैसे निघतात. शिवी म्हटली की यातलं काहीच करावं लागत नाही.

इतिहासाकडे बघा. व्हल्कनायझेशन, म्हणजे गंधक घालून रबर तापवायची आणि त्याला चिवट करायची युक्ती, चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडली. ना रसायनशास्त्राची पदवी, ना पैसा, १८६० साली मेला तो डोक्यावर कर्ज घेऊन. १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेणारा डनलॉप बेलफास्टचा गुरांचा डॉक्टर, मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी त्याने तो उद्योग केला. त्याचे टायर रिमला चिकटवलेले असत. १८८९ मध्ये फ्रान्समध्ये मिशेलिन भावांच्या कारखान्यात एक सायकलस्वार असाच पंक्चर झालेला टायर घेऊन आला. तो काढून जोडायला काही तास लागले आणि रात्रभर सुकत ठेवावा लागला. त्या वैतागातून काढता-घालता येणारा टायर निघाला. १८९१ ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत तो लावलेल्या सायकलस्वाराने जिंकली. जगातल्या सगळ्यात मोठ्या टायर कंपन्यांपैकी एक पंक्चर काढायला बसलेल्या माणसांनी उभी केलीय. बसल्या बसल्या हेही शिवीत घाला.

आणि आपलं काय? आपण दर महिन्याला "पॅच" सोडतो. हा शब्द कुठून आला? १९४४ च्या हार्वर्ड मार्क वन या यंत्राला प्रोग्राम दिला जायचा तो भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर. चुकीच्या जागी भोक पडलं तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवायचं. तो पॅच! म्हणजे आपल्या धंद्यातले पहिले पॅच शब्दशः भोकं बुजवण्यासाठीच होते. आपण सगळे पंक्चरवालेच आहोत हो, फक्त आपल्या ट्यूबला पाणी लावून बुडबुडा बघता येत नाही.

आता दोन-तीन आक्षेप, जे मला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हमखास ऐकायला मिळतात.

पहिला, "अरे पण हे लोक स्वतःच रस्त्यावर खिळे टाकतात!" काही टाकतात, खरं आहे, आणि तो गुन्हा आहे, पकडला तर आत टाकावा. पण १८९२ मध्ये मिशेलिनने भरवलेल्या पॅरिस-क्लेरमाँ सायकल शर्यतीच्या वाटेवर कंपनीनेच खिळे टाकले होते, आपला टायर किती पटकन दुरुस्त होतो ते दाखवायला. तिथे त्याला मार्केटिंग म्हणतात. आणि गरज नसलेलं सॉफ्टवेअर आधी गळ्यात मारून मग त्याच्याच देखभालीचं वार्षिक कंत्राट घेणाऱ्यांना आपल्याकडे काय म्हणतात? सेल्स. काही लबाडांवरून सगळ्या धंद्याचं नाव ठेवायचं ठरवलं तर सुरुवात आपल्यापासून करावी लागेल.

दुसरा आक्षेप मराठी माणसाचा खास. "सगळे धंदे बाहेरच्यांनी बळकावले." महाराष्ट्रात कुठल्याही हमरस्त्याने जा, टायरच्या दुकानावर 'केरला' नाव दिसतं. आता मुंबईत उत्तरेकडची मुलंही खूप आहेत. मराठी पोराने धंद्यात उतरावं म्हणून दादरच्या सभागृहांत व्याख्यानं होतात, आपण टाळ्या वाजवतो, घरी येतो, आणि पोराने कॉम्प्रेसर घ्यायचं नाव काढलं की आईच्या डोळ्याला पाणी. शिवी द्यायची आपण आणि ते काम दुसऱ्याने केलं की बळकावलं म्हणून ओरडायचंही आपणच. जो धंदा पोराला धाक दाखवायला वापरला, तो त्याने करावा ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

तिसरा आक्षेप सगळ्यात जड, आणि त्याला पळवाट नाही. "मोठ्या गप्पा मारतोस, तुझ्या मुलाला करू देशील का हे काम?"

आज, ज्या अवस्थेत तो धंदा आहे त्या अवस्थेत, नाही. रात्री दोन वाजता, चपला घालून, डीजेच्या उजेडात, गर्दीत जॅकखाली, आणि वर शंभर रुपये कमी, असं काम मी माझ्या मुलाला करू देणार नाही. पण मग कुणाच्याही मुलाने का करावं? हा प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं की त्याने मला निरुत्तर केलं. खरं तर त्याने माझाच मुद्दा मांडला. त्या कामात कमीपणा नाही. कमीपणा त्याच्या आजूबाजूला आहे, आणि तो आपण आणून ठेवलाय. बूट द्या, पिंजरा द्या, शिक्षण द्या, ठरलेला दर द्या, आणि मग विचारा. मग कदाचित माझा मुलगा माझं न ऐकता जाईलही. आठ तास स्क्रीनकडे बघण्यापेक्षा बरं, असं म्हणेल.

हे परळ-लालबागमध्ये सांगावं लागतं याचं मला जास्त वाईट वाटतं. हा भाग हातांनीच उभा केलेला आहे. १८८७ मध्ये भायखळ्याला व्हीजेटीआय सुरू झाली ती गिरण्यांना तंत्र जाणणारी माणसं हवी होती म्हणून. १९२३ मध्ये ती माटुंग्याला गेली आणि आज आपल्यातले कितीतरी जण तिथे कॉम्प्युटर इंजिनीअर झाले. गिरणीत साच्यावर उभा राहणारा कामगार, तुटलेला धागा डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडणारी बाई, आवाजावरून कुठला पट्टा ढिला झालाय ते सांगणारा फिटर, यांना चाळीत मान होता. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मिटलाच नाही, पुढे गिरण्या गेल्या, जमिनींवर मॉल आणि ऑफिसं आली. कामगाराने पोराला सांगितलं, शिक, आमच्यासारखं हाताचं काम करू नकोस. ते त्याच्या जखमेतून आलं होतं, आणि त्याला तो हक्क होता. आपण मात्र ती जखम विसरलो आणि तेवढं वाक्य ठेवलं. आजोबांच्या तोंडी ते दुःख होतं, आपल्या तोंडी तो माज झाला. ज्या जागेवर त्यांचे साचे होते त्याच जागेवर बसून आपण हात काळे असलेल्या माणसाला हसतो.

असो. नुसतं चिडून उपयोग नाही, म्हणून चार मागण्या करतो, सगळ्या आपल्या आवाक्यातल्या.

एक. मोठी मूर्ती ट्रॅक्टर किंवा ट्रकने नेणाऱ्या प्रत्येक मंडळाने टायरवाल्याला आधीच ठरवून, आधीच दर सांगून बरोबर घ्यावं. डॉक्टर आणि रुग्णवाहिका ठेवता, तसंच. बरोबर एक चांगला दिवा, दोर, जॅकवरचं ओझं पेलायला दोन भक्कम लोखंडी घोड्या आणि त्या माणसाच्या मापाचे बूट. सगळा खर्च एका हाराच्या आत बसेल. आपल्यातले निम्मे तरी कुठल्या ना कुठल्या मंडळाचे वर्गणीदार आहेत, पावती फाडताना एवढं विचारायला काय जातं?

दोन. वॉर्डातल्या पुढाऱ्यांना शाल-श्रीफळ द्यायचंच असतं, त्यात एक वर्ष या माणसाला स्टेजवर बोलवा. मूर्ती चौपाटीपर्यंत पोचली त्यात त्याचा वाटा कमी नाही.

तीन. पंक्चरच्या पैशांत घासाघीस बंद. आपण चारशे रुपयांच्या कॉफीवर टीप ठेवतो.

चार. मुलाला, मुलीला, सायकलचं पंक्चर काढायला शिकवा. स्वतःला येत नसेल तर दुकानात जा, पैसे देऊन शिका. त्यांना कळू दे की ट्यूबमधलं भोक सापडायला डोकं लागतं आणि सोल्यूशन सुकेपर्यंत थांबायला त्याहून जास्त लागतं. एकदा स्वतःच्या हाताने बुडबुडा शोधला की तो शब्द शिवी म्हणून तोंडात येत नाही.

आणि पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी "पंक्चरवाला" लिहिलं की स्मायली टाकू नका. फक्त विचारा, "तुला येतं का काढायला?"

बघा पटतंय का. नाही पटलं तर भांडायला मी आहेच, पुढच्या शनिवारपर्यंत.